न्यायासनावर बसलेल्याला विचारायचे कोणी?



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. हे म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे वकिलाची फी, पुढच्या तारखा आणि तालुक्याचे हेलपाटे असतात. पण या म्हणीच्या तळाशी आणखी एक भीती आहे आणि ती सहसा कोणी उघड बोलत नाही. वर बसलेला माणूसच वाकडा निघाला तर? वकील वाकडा निघाला तर तो बदलता येतो. तलाठ्याने पैसे मागितले तर तहसीलदाराकडे जाता येते, लाचलुचपत खात्याकडे जाता येते. पण सगळ्यांच्या तक्रारी ज्याच्यापुढे जायच्या, त्याच्याविरुद्धच तक्रार असली तर ती कोणाच्या दारात न्यायची?

कीर्तन आटोपले की चार माणसे मागे थांबतात. कोणाच्या बांधाचा तंटा, कोणाच्या वाटणीचा दावा, कोणाच्या लेकीच्या पोटगीचा. पिशवीतून कागद काढून दाखवतात. मी कायद्याचा माणूस नव्हे, त्या कागदांतले मला फार कळते असे नाही. पण त्यांचा प्रश्न मात्र कळतो. 'महाराज, साहेबांनी बरोबर केले नाही. पण साहेबांना बोलायचे कोणी?' आणि जवळ उभा असलेला कोणीतरी वयस्कर माळकरी लगेच सांगतो, 'वरचा बघतोय, त्याच्यावर सोडा.' दुसरा सांगतो, 'न्यायाचे आसन म्हणजे देवाचे आसन, त्याची निंदा करू नये.' दोन्ही उत्तरे भक्तीची वाटतात. वाचकहो, ती खरोखरच भक्तीची आहेत का, हे आज तुमच्याबरोबर तपासून पाहायचे आहे.

पहिले उत्तर घेऊ. वरचा बघतो. याला आपल्याकडे सर्वांत मोठा दाखला कोणता, तर तुकोबारायांच्या वह्यांचा. वाघोलीचे रामेश्वरभट्ट विद्वान, अधिकारी. त्यांनी ठरवले की या वाण्याला असे बोलण्याचा अधिकार नाही, वह्या इंद्रायणीत जाव्यात. वह्या डोहात गेल्या. तुकोबा अन्नपाणी सोडून शिळेवर बसले आणि तेराव्या दिवशी वह्या कोरड्या वर आल्या, ही कथा तुम्हांला मी सांगावी असे नाही. पण ती सांगताना आपण एक गोष्ट घाईत मागे टाकतो. देवाने वह्या राखल्या, इथे कथा संपत नाही. ज्याने निवाडा दिला होता तो रामेश्वरभट्ट पुढे देहूला आला, तुकोबांच्या पायांशी बसला, त्यांचा शिष्य झाला. तुकोबांची जी आरती आपण आजही म्हणतो तिच्यात त्याचे नाव आहे. ज्याच्यावर अन्याय केला त्याची आरती न्याय करणाऱ्याने रचावी, ही गोष्ट मला वह्या तरण्याइतकीच मोठी वाटते. आपण चुकलो हे त्या माणसाने चार लोकांत कबूल केले, आणि कबूल करून घरी बसला नाही, ज्याचे नुकसान केले त्याच्या दारात गेला.

आता विचार करा. तुमच्या सातबाऱ्याचे कागद डोहात गेले तर ते कोरडे वर येणार नाहीत. आणि निवाडा देणारा प्रत्येक जण रामेश्वरभट्ट निघेल असेही नाही. देवाच्या न्यायावर विश्वास असणे वेगळे आणि देवाने जे काम आपल्या हातांना दिले ते त्याच्याच अंगावर टाकून मोकळे होणे वेगळे. शेतकरी पाऊस देवावर सोडतो, पेरणी नाही सोडत.

याच आळंदी-देहूच्या मातीत दुसरी एक कथा आहे. ती ऐकताना आपल्या डोळ्यांत पाणी येते, पण तिच्यातले न्यायाधीश कोण होते हे कोणी विचारत नाही. विठ्ठलपंत संन्यास घेऊन गेले, गुरूच्या आज्ञेने परत संसारात आले. समाजाने वाळीत टाकले. मुलांच्या मुंजी व्हाव्यात म्हणून ते धर्मसभेपुढे उभे राहिले आणि विचारले, याला प्रायश्चित्त काय? सभेने सांगितले, देहांत प्रायश्चित्त. पती-पत्नी मुलांना मागे ठेवून निघून गेली आणि त्यांनी जलसमाधी घेतली, असे परंपरा सांगते. पुढे ही मुले पैठणला गेली, तेथील विद्वानांपुढे उभी राहिली, शुद्धिपत्राची गोष्ट झाली. आजच्या भाषेत बोलायचे तर ते अपीलच होते. अपिलात मुले सुटली. आईबाप परत आले नाहीत. आणि ज्यांनी आळंदीत तो निवाडा दिला त्यांना, 'तुम्ही चार लेकरांकडे एकदा तरी पाहिले होते का,' असे कोणी विचारले नाही. त्यांची नावेही कोणाला ठाऊक नाहीत. त्यांनी लाच घेतली असे कोणी म्हणत नाही, पोथीत पाहूनच त्यांनी सांगितले असेल. पण ज्याला कधीच कोणाला उत्तर द्यावे लागत नाही, त्याच्या तोंडून 'देहांत' हा शब्दही किती सहज निघतो, ते पाहा.

हाच शब्द मराठी मुलुखात पुढे आणखी एकदा उच्चारला गेला, आणि तो प्रसंग शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यामागे चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा असल्याचा संशय होता, आणि गादीवर तेच बसले. न्यायाधीश होते साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे. त्यांनी चौकशी केली आणि राघोबांना तोंडावर सांगितले की या पापाला देहांत प्रायश्चित्तच आहे. सांगून ते तेथे थांबले नाहीत. राघोबांच्या राज्यात पुण्यात पाय ठेवणार नाही म्हणून निघून गेले, आणि राघोबांचा अंमल सरल्यावर परत येऊन न्यायासनावर बसले.

हे दोन निवाडे शेजारी ठेवून बघा. शब्द तोच. पण आळंदीत तो एका दुबळ्या, एकाकी माणसाला सांगितला गेला. सांगणाऱ्यांचे काहीच गेले नाही, ते रात्री घरी जाऊन जेवले असतील. पुण्यात तो राज्याच्या धन्याला सांगितला गेला, आणि सांगणाऱ्याला पद सोडून चालू लागावे लागले. न्यायाचे सगळे कोडे मला या दोन प्रसंगांत दिसते. न्यायाधीशाला सत्तेकडून धक्का लागता कामा नये, आणि दुबळ्यापुढे मात्र त्याला उत्तर देता आले पाहिजे. झाले नेमके उलटे. ज्याने सत्तेपुढे खरे सांगितले त्याला किंमत मोजावी लागली, आणि ज्यांनी दुबळ्याला चिरडले त्यांना कोणी विचारले नाही.

म्हणून दुसऱ्या उत्तराकडे, आसनाच्या मानाकडे, जरा सावधपणे गेले पाहिजे. आसनाचा मान खरा आहे, तो मी कमी लेखत नाही. आपल्याकडे कीर्तनकार नारदाच्या गादीवर उभा राहिला की वयाने वडील माणूसही त्याच्या पाया पडतो. तो मान त्या पोराचा नसतो, गादीचा असतो. पण गादीचा मान आहे म्हणूनच त्या पोरावर बंधने आहेत. जेथे कीर्तन करायचे तेथे अन्न घेऊ नये, द्रव्य घेऊ नये, अशी आपली जुनी शिस्त आहे. (आता ती किती पाळली जाते, हा विषय वेगळा आणि आपल्याला फारसा भूषणावह नाही.) उद्या एखादा कीर्तनकार गादीवर उभा राहून भलतेच करू लागला आणि कोणी त्याला हटकले, तर ती गादीची निंदा झाली का? हटकणाराच गादी राखतो आहे. न्यायासनाचेही तसेच आहे. आसन आणि त्यावर बसलेला माणूस एकच समजणे ही भक्ती नव्हे, तो गोंधळ आहे, आणि वाकड्या माणसाला त्याच गोंधळाचा आडोसा मिळतो.

रामशास्त्र्यांचीच आणखी एक गोष्ट सांगतात, ती आपल्यासारख्या माळकऱ्यांनी विशेष ऐकावी. थोरले माधवराव पेशवे तरुण वयात जपध्यानात फार रमू लागले. एकदा शास्त्रीबुवा कामासाठी गेले तर पेशवे ध्यानस्थ. दुसऱ्या दिवशी शास्त्रीबुवांनी काशीला जाण्याची रजा मागितली. पेशव्यांनी कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, अशा अर्थाने, की जप करायचा तर दोघे मिळून काशीला जाऊ आणि गंगेकाठी बसू. गादीवर बसायचे असेल तर रयतेचे गाऱ्हाणे ऐकणे हेच अनुष्ठान. माधवरावांनी ते मानले. हाती अधिकार घेऊन बसलेल्याला भक्तीच्या नावाखालीसुद्धा सुटका नाही, असे एका न्यायाधीशाने राज्यकर्त्याला सांगितले. तेच मोजमाप न्यायाधीशालाही लागणार.

आता आजच्या काळात येऊ. पण त्याआधी एक भेद मनात पक्का करून घ्या, कारण आपल्या तक्रारी बहुतेक वेळा येथेच भरकटतात. चुकीचा निकाल आणि गैरवर्तन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाव्यात दोन पक्ष असतात, एक हरतोच. हरणाऱ्या प्रत्येकाला न्यायाधीशाची मानगूट धरता आली, तर दुसऱ्या दिवशी कोणताही न्यायाधीश धनदांडग्याविरुद्ध निकाल देणार नाही. कारण मानगूट धरण्याची ताकद गरिबाकडे नसते, धनदांडग्याकडे असते. म्हणून निकाल चुकला तर वरच्या कोर्टात जायचे, न्यायाधीशावर चालून जायचे नाही. पण पैसे घेऊन निकाल फिरवणे, आपल्या नातलगाचा दावा आपणच चालवणे, एका पक्षाला घरी बोलावून खाजगीत भेटणे, युक्तिवाद संपल्यावर निकाल कारणाशिवाय वर्षानुवर्षे दाबून ठेवणे, सरकारी पैसा स्वतःच्या सुखासाठी उधळणे, ही बुद्धीची चूक नाही. हे वर्तन आहे. त्याला अपील हे औषध नाही. आळंदीच्या कथेत पाहिलेच आपण, अपिलाने निवाडा फिरतो, निवाडा देणारा जागचा हलत नाही.

मग वर्तनाचा जाब विचारायची सोय आपल्या घटनेत आहे की नाही? आहे, आणि मुद्दामच कठीण ठेवली आहे. सर्वोच्च किंवा उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना सिद्ध झालेल्या गैरवर्तनासाठी अथवा असमर्थतेसाठीच दूर करता येते. लोकसभेचे १०० किंवा राज्यसभेचे ५० सदस्य सही करतात, मग १९६८ च्या न्यायाधीश चौकशी कायद्याप्रमाणे तिघांची समिती नेमली जाते. एक सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, एक उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती, एक कायदेपंडित. समितीला दोष आढळला तर ठराव दोन्ही सभागृहांत जातो. प्रत्येक सभागृहात हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश, आणि शिवाय एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिक मते ठरावाच्या बाजूने पडावी लागतात. राघोबाने रामशास्त्र्यांना हाकलू नये म्हणून ही भिंत उंच बांधली. हेतू चांगलाच होता.

या भिंतीची खरी परीक्षा झाली ती न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्या प्रकरणात. चंदिगडला पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती असताना सरकारी निवासस्थानाच्या सजावटीवर, सामानावर त्यांनी सरकारी पैसा बेसुमार खर्च केला, असे आरोप होते. पुढे ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९१ साली लोकसभेच्या १०८ सदस्यांनी ठरावाच्या सूचनेवर सह्या केल्या. चौकशी समितीचे प्रमुख होते न्यायमूर्ती पी. बी. सावंत, पुढे महाराष्ट्रातल्या मंत्र्यांवरील आरोपांची चौकशी करणारा सावंत आयोग तुम्हांला आठवत असेल, तेच. त्यांच्या जोडीला मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती पी. डी. देसाई आणि न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी. न्यायाधीशांनीच न्यायाधीशाची चौकशी केली, आणि भीडभाड ठेवली नाही. १४ पैकी ११ आरोप सिद्ध झाल्याचे त्यांनी सांगितले.

मग मे १९९३ मध्ये ठराव लोकसभेत आला. न्यायमूर्तींच्या वतीने वकिलाने सभागृहापुढे उभे राहून तासन्‌तास बाजू मांडली, ते रीतीला धरूनच झाले; आरोपीचे ऐकून घेतलेच पाहिजे. मतदान झाले. ठरावाच्या बाजूने १९६ मते पडली. विरोधात एकही नाही. आणि २०५ सदस्य हजर राहून गप्प बसले. ते सत्ताधारी बाजूचे होते. ठराव पडला.

वाचकहो, या आकड्यांवर जरा थांबा. न्यायमूर्ती निर्दोष आहेत असे सभागृहात एकाही सदस्याने मताने सांगितले नाही. दोषी आहेत असे म्हणायलाही पुरेसे लोक पुढे आले नाहीत. जो गप्प बसला त्याने निकाल दिला. आपल्या गावच्या पंचायतीतही असेच होते, नाही का? चोर कोण हे सगळ्यांना माहीत असते, विरुद्ध बोलायला कोणी तयार नसते, आणि बाजूने बोलायचीही लाज वाटते. मग सगळे खाली मान घालून चपलांकडे बघतात. न्यायमूर्ती १९९४ मध्ये रीतसर निवृत्त झाले.

रामशास्त्र्यांच्या पत्नीला एकदा पेशव्यांच्या घरच्या स्त्रियांनी हळदीकुंकवाला बोलावून भरजरी वस्त्रे आणि दागिने घालून पालखीतून परत पाठवले, तर शास्त्रीबुवांनी दारातूनच सांगितले की तुम्ही घर चुकलात, ही आमची मंडळी नव्हे; अशी लोककथा आहे. ती शब्दशः घडली की नाही देव जाणे. पण न्यायाधीशाच्या घरातल्या सामानाकडे लोक का बघतात, ते या गोष्टीत आहे. बायकोच्या अंगावरचे लुगडे हासुद्धा साक्षीचा कागद आहे, हे त्या काळच्या माणसाला कळत होते.

१९९३ नंतर काय झाले ते थोडक्यात सांगतो. १९९५ साली मुंबईच्या वकिलांनी तेथल्या मुख्य न्यायमूर्तींच्या राजीनाम्याची मागणी केली, त्यांनी राजीनामा दिला, आणि प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने सांगितले की वकिलांनी न्यायमूर्तींवर असा दबाव आणू नये, पण हेही मान्य केले की पदाला न शोभणारे वर्तन आणि महाभियोगाएवढे गैरवर्तन यांच्यामध्ये मोठी दरी आहे, आणि ती भरायला काही व्यवस्था हवी. मग १९९७ मध्ये न्यायमूर्तींनी स्वतःसाठी आचरणाची तत्त्वे मान्य केली आणि १९९९ मध्ये अंतर्गत चौकशीची पद्धत ठरली. तक्रार सरन्यायाधीशांकडे जाते, तथ्य वाटले तर न्यायमूर्तींचीच समिती चौकशी करते. कोलकाता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सौमित्र सेन यांचे प्रकरण याच वाटेने पुढे गेले. वकील असताना कोर्टाने त्यांच्याकडे सांभाळायला दिलेल्या रकमेचा तो आरोप होता. २०११ मध्ये राज्यसभेने त्यांना दूर करण्याचा ठराव मोठ्या बहुमताने संमत केला, आणि लोकसभेत मतदान होण्याआधी त्यांनी राजीनामा दिला. न्यायाधीशांच्या उत्तरदायित्वाचे एक विधेयक २०१२ मध्ये लोकसभेत संमतही झाले होते, ते पुढे राज्यसभेत अडकले आणि लोकसभेची मुदत संपताच बाद झाले. मार्च २०२५ मध्ये दिल्लीत एका न्यायमूर्तींच्या सरकारी निवासस्थानी आग लागली आणि तेथे जळालेल्या नोटा आढळल्याचा गवगवा झाला. न्यायमूर्तींनी आरोप नाकारले. अंतर्गत चौकशी झाली, आणि ऑगस्टमध्ये लोकसभेच्या अध्यक्षांनी १९६८ च्या कायद्याखाली समिती नेमली. बत्तीस वर्षांनी देश पुन्हा त्याच प्रश्नापाशी.

संसदेच्या हाती दिले तर पक्ष बघून मते पडतात, न्यायमूर्तींच्या हाती दिले तर भाऊबंदांनी भावाचा न्याय करावा असे होते. दोन्हींत खोट आहे. पण मला विचाराल तर अंतर्गत चौकशीतली सर्वांत मोठी खोट भाऊबंदकीची नाही. चौकशी झाली तरी तिचा अहवाल लोकांपुढे ठेवण्याचे बंधन नाही, ही आहे. तक्रार खोटी ठरली तर न्यायमूर्तींचे नाव स्वच्छ होत नाही, खरी ठरली तर लोकांना कळत नाही. दोघेही अंधारात.

हे वाचून तुम्हांला समाजआरती आठवली नसेल तर नवल. माउलींची पालखी तळावर येते, दिंड्या भोवती उभ्या राहतात, चोपदार चोप उंचावतो आणि हजारो टाळ-मृदंग एका क्षणात थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ थांबवत नाही. सगळा तळ स्तब्ध आणि एका कोपऱ्यातून टाळ वाजतच आहेत. चोपदार त्या दिंडीपाशी जातो, गाऱ्हाणे ऐकून घेतो, सर्वांसमक्ष त्याचा उलगडा होतो, हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्याच्या वाटचालीची वेळ सांगितली जाते, आणि मग आरती. हैबतबाबांनी घालून दिलेल्या या सोहळ्यात ही शिस्त किती शहाणपणाची आहे ते बघा. तक्रार करणाऱ्याला आरडाओरडा करावा लागत नाही, पळून जावे लागत नाही, कोणाच्या कानाशी लागावे लागत नाही. जे वाद्य भजनासाठी हातात आहे तेच तो वाजवत राहतो. ज्याच्या हाती चोप आहे त्याला त्या दिंडीपर्यंत चालत जावे लागते. गाऱ्हाणे व्यवस्थेविरुद्ध असले तरी ते व्यवस्थेलाच ऐकावे लागते, आणि ऐकल्याशिवाय देवाची आरतीसुद्धा पुढे सरकत नाही. या क्षणी त्या दिंडीला कोणी निंदक म्हणत नाही.

कोर्टाच्या बाबतीत तुमचा टाळ कोणता? येथे एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. न्यायाधीशाविरुद्ध बोलले की कोर्टाचा अवमान होतो आणि तुरुंगात जावे लागते, असे गावोगाव समजतात. १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्यातच लिहिले आहे की खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशाबद्दल त्या उच्च न्यायालयाकडे प्रामाणिक हेतूने केलेले निवेदन हा अवमान नव्हे. निकाल लागून गेलेल्या प्रकरणावर गुणदोषांची रास्त टीका करणे हाही अवमान नव्हे. तालुका आणि जिल्हा न्यायालयांवर देखरेख उच्च न्यायालयाची असते. तेथल्या न्यायाधीशांबद्दलचे गाऱ्हाणे उच्च न्यायालयाच्या रजिस्ट्रारकडे लेखी पाठवता येते. अवमान होतो तो चावडीवर बसून 'साहेब विकले गेले' असे पुराव्याशिवाय पसरवण्याने, आणि मोबाईलवर तसे लिहिण्याने. म्हणजे आपण जे करायला घाबरतो ते कायद्याने मोकळे आहे, आणि जे बिनधास्त करतो तेच अडचणीत आणणारे आहे.

मात्र टाळ हाती घेण्याआधी मनाशी काही गोष्टी तपासाव्या लागतात, आणि येथे आपली साधना कामाला येते. मी हरलो म्हणून मला राग आला आहे, की खरोखर काही वाकडे घडले आहे? याच साहेबांनी असाच निकाल माझ्या बाजूने दिला असता तर मी ही तक्रार केली असती का? समोरच्या पक्षाला त्यांनी घरी बोलावले हे मी पाहिले, की कोणाकडून ऐकले? माझी तक्रार खोटी ठरली तर एका सरळ माणसाचे नाव जन्मभरासाठी डागाळेल, आणि पुढच्या वेळी सावकाराविरुद्ध निकाल देताना त्याचा हात थरथरेल, याचा मी विचार केला आहे का? खोटी तक्रार करणारा माणूस रामशास्त्र्यांना पुण्यातून घालवणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहतो. आणि खरी तक्रार गिळून बसणारा त्या २०५ जणांच्या बाकावर जाऊन बसतो. देवळात गेल्यावर आपण कोणत्या बाकावरून उठून आलो हे विठोबाला सांगावे लागत नाही, पण आपल्याला ठाऊक असते.

परवा बांधाचा दावा असलेल्या एका शेतकऱ्याने हेच विचारले. त्याची तक्रार अशी, की युक्तिवाद संपून तीन उन्हाळे गेले, निकाल नाही, आणि प्रत्येक तारखेला दुसऱ्या पक्षाचा माणूस साहेबांच्या खोलीतून हसत बाहेर पडतो. मी त्याला म्हटले, हसणे सोड, त्याचा पुरावा होत नाही. युक्तिवाद कोणत्या दिवशी संपला ते रोजनाम्यात लिहिलेले असते, त्याची सही-शिक्क्याची नक्कल काढ. त्यानंतरच्या तारखांची नोंद क्रमाने लिही. जे डोळ्यांनी पाहिलेस तेवढेच लिही, ज्या दिवशी पाहिलेस ती तारीख घाल, आणि शिवी एकही नको. निकाल काय लागावा हे त्यात लिहू नकोस, तो तुझा प्रश्न नाही. वकिलाला एकदा वाचून दाखव, प्रतिज्ञापत्र जोड, आणि स्पीड पोस्टाने उच्च न्यायालयाला पाठव. पोच आली की ती सातबाऱ्याच्या पिशवीतच ठेव.